उजवीकडचे टाळ बोथट झाले तेव्हा: होम थिएटरच्या निदानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातलं एक घर. दिवाणखान्यात साधारण नऊ वर्षांचा 5.1 संच: समोर डावा-उजवा असे दोन उभे स्पीकर, टीव्हीखाली सेंटर, मागच्या भिंतीवर दोन सराउंड, कोपऱ्यात सबवूफर, आणि या सगळ्यांना चालवणारा एक रिसीव्हर. संच भारीतला नाही, पण हौसेनं घेतलेला आणि नीट ठेवलेला. घरातल्यांची नावं आणि कंपनीचं नाव इथे देत नाही. काका, काकू आणि त्यांचा पुतण्या एवढी ओळख पुरे. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, ओळखीतल्या लोकांचे अँप आणि स्पीकर बघून देणारा माणूस आहे.

काकांची साठीशांत घरीच झाली. सकाळी होम, मग साठ दिव्यांचं औक्षण, जेवणं, आणि संध्याकाळी कराओके. पुतण्यानं दोन माईक असलेला छोटा मिक्सर आणला आणि तो रिसीव्हरच्या ऑक्स इनपुटला जोडला. गाणारा माणूस हौशी, माईक तोंडापासून लांब धरलेला, त्यामुळे आवाज वाढवत वाढवत गेले. रिसीव्हरवरचा आवाजाचा आकडा एरवी उणे 25 डेसिबलच्या आसपास असायचा, तो उणे 10 वर गेला. मग कुणीतरी माईक हातात घेऊन उजव्या स्पीकरसमोर उभं राहिलं आणि कर्कश कुईं असा आवाज घरभर घुमला. एकदा पाच-सहा सेकंद, थोड्या वेळानं पुन्हा तेवढाच. दोन्ही वेळा हशा झाला, आवाज कमी केला, गाणी पुढे चालू राहिली.

तक्रार

दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी लक्षात आल्या. काकूंनी अभंगांची जुनी सीडी लावली आणि म्हणाल्या, "टाळ वाजतायत, पण नाद नाही. लाकडावर लाकूड आपटावं तसं वाटतंय." काकू भजनी मंडळात वीस-बावीस वर्षं टाळ वाजवतात. दुसरी तक्रार काकांची: बातम्या बघताना निवेदकाचा आवाज खाली गेला की सेंटरमधून घरघर येते. टाळांचं म्हणाल तर काकांना काहीच फरक जाणवत नव्हता.

घरानं दोन्ही तक्रारी एकाच धाग्यात ओवल्या: माईक ओरडला, स्पीकर उडाले. पुतण्याला अपराधी वाटत होतं. त्यानं मंगळवारी रिसीव्हरचा कॅलिब्रेशन माईक लावून ऑटो सेटअप, म्हणजे रिसीव्हरनं स्वतः ऐकून प्रत्येक स्पीकरचा आवाज जुळवून घेण्याची सोय, पुन्हा चालवला. गुरुवारी एका दुकानाचा माणूस येऊन गेला. त्यानं पाच मिनिटं ऐकलं, "रिसीव्हरचं चॅनेल वीक झालंय, सेंटर फाटलाय, एवढ्या जुन्या सेटवर खर्च करू नका" असं सांगितलं आणि एक्स्चेंजमध्ये नव्या संचाचा 62,000 रुपयांचा आकडा देऊन गेला. शनिवारी मला फोन आला.

पहिली भेट, आणि माझा चुकलेला निर्वाळा

या प्रकरणात मी स्वतः एकदा चुकीचा निकाल दिला. तो कसा दिला हे नीट सांगायला हवं, कारण मी केलेल्या दोन्ही चाचण्या सर्रास केल्या जातात.

पहिली चाचणी रिसीव्हरच्या मेनूतल्या टेस्ट टोनची. सुस्स असा आवाज पाळीपाळीनं प्रत्येक स्पीकरमधून येतो. डावा आणि उजवा दोन्ही सारखेच वाजले. दुसरी मल्टिमीटरची. रिसीव्हर बंद केला, स्पीकरच्या वायरी काढल्या, मागच्या टर्मिनलवर रोध मोजला. डावा 6.0 ओहम, उजवा 6.1. स्पीकरवर 8 ओहम छापलेलं असलं तरी मीटरवर दिसणारा डीसी (एकाच दिशेनं वाहणाऱ्या प्रवाहाचा) रोध त्यापेक्षा थोडा कमी, साडेपाच ते सातच्या दरम्यान येतो, म्हणजे दोन्ही आकडे निरोगी. कॉइल, म्हणजे स्पीकर हलवणारं तारेचं वेटोळं, जळून तुटली असती तर मीटरनं काहीच दाखवलं नसतं, शॉर्ट असती तर आकडा एकाच्या आसपास आला असता. वूफरचे, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या भागाचे, कोन बोटांनी हलकेच, सगळीकडून सारखा दाब देत आत ढकलून पाहिले. खरखर नाही. कडेची रिंग रबराची होती, ती शाबूत होती. (रिंग फोमची असती तर आधी तिथेच पाहिलं असतं. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत फोमची रिंग काही वर्षांत चिकट होऊन हातात येते आणि त्याचा माईकशी काही संबंध नसतो.)

मी सांगितलं, स्पीकर ठीक आहेत, पुतण्यानं चालवलेल्या ऑटो सेटअपनं टोन बदलला असेल. सेटअप पुसून जुनी मांडणी केली आणि निघालो. काकू दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "उजव्या बाजूचेच टाळ असे वाटतात रे." मी मान डोलावली आणि मनात आकडे धरून बसलो.

आता त्या दोन चाचण्यांनी काय सांगितलं नव्हतं ते बघा. टू-वे स्पीकरमध्ये वूफर आणि वरचे स्वर वाजवणारा छोटा ट्विटर यांच्यात आवाजाची वाटणी करणारा क्रॉसओव्हर असतो, आणि ट्विटरच्या वाटेवर एक कॅपॅसिटर असतो. त्याचं कामच खालचे स्वर अडवण्याचं. मल्टिमीटर रोध मोजतो तो डीसीवर, आणि डीसी तर कॅपॅसिटर पूर्ण अडवतो. म्हणजे मागच्या टर्मिनलवर आलेला 6.1 हा आकडा फक्त वूफरचा होता. ट्विटर जिवंत असो, मेलेला असो किंवा पेटीत नसोच, आकडा तोच आला असता.

टेस्ट टोनचंही तसंच. बऱ्याच रिसीव्हरांमधला हा सुस्स आवाज पूर्ण पट्ट्याचा नसतो. स्पीकरांची पातळी जुळवण्यासाठी तो मधल्या स्वरांपुरता, ढोबळमानानं 500 ते 2,000 हर्ट्झमध्ये ठेवलेला असतो. त्यात ट्विटरला जवळजवळ काम नाही. दोन्ही साक्षी खऱ्या होत्या, पण ट्विटरला त्यांनी पाहिलेलंच नव्हतं. ज्यांनी पाहिलं होतं, म्हणजे ऐकलं होतं, त्या काकू. त्यांचं मी ऐकून घेतलं, पण पुरावा म्हणून धरलं नाही.

दुसरी भेट

आठवड्यानं काकूंचा फोन आला. या वेळी मी घाई केली नाही. आधी तासभर फक्त विचारलं. पहिला प्रश्न पुतण्याला: त्या संध्याकाळी रिसीव्हरच्या पडद्यावर काय लिहून येत होतं? "स्टिरिओ," तो म्हणाला. "दादा, मीच लावला होता तो मोड, गाण्यांसाठी."

या एका शब्दानं अर्धं प्रकरण सुटलं. स्टिरिओ मोडमध्ये सेंटर आणि मागचे सराउंड यांना आवाज जातच नाही. म्हणजे माईक ओरडला तेव्हा सेंटर मुका होता. त्या किंकाळीनं तो फाटणं शक्यच नव्हतं. घरघर असेल तर तिचं कारण वेगळं असणार.

दुसरा प्रश्न बसण्याच्या जागांचा. काका डाव्या टोकाच्या खुर्चीत, काकू सोफ्याच्या उजव्या कडेला. वय वाढतं तसे वरचे स्वर आधी ऐकू येईनासे होतात हे खरं, आणि काकांच्या बाबतीत सगळे तेच गृहीत धरत होते. पण ट्विटर पूर्ण गेला तर साधारण 3,000 हर्ट्झच्या वरचं सगळंच जातं, ते साठीच्या कानालाही कळायला हवं. काकांना कळत नव्हतं कारण त्यांच्या कानाशी डावा स्पीकर होता आणि तो उत्तम चालू होता.

मग चाचण्या. रिसीव्हर डायरेक्ट मोडवर टाकला, म्हणजे इक्वलायझर आणि टोनची सगळी कारागिरी बाजूला झाली. हे महत्त्वाचं होतं. एका बाजूचे वरचे स्वर कमी पडत असतील तर ऑटो सेटअप तिकडे ते वाढवून भरपाई करायला बघतो. त्यानं निदान झाकोळतं, आणि ट्विटर अर्धवट जिवंत असेल तर त्याच्यावर आणखी भार पडतो.

पेनड्राइव्हवर मी पूर्ण पट्ट्याचा पिंक नॉइज, म्हणजे खालपासून वरपर्यंतचे सगळे स्वर असलेला सुस्स आवाज, नेला होता, दोन्ही चॅनेलवर एकसारखा. गाण्यावर तुलना करू नये, कारण स्टिरिओ गाण्यात डावीकडचं आणि उजवीकडचं मुळातच वेगळं असतं. आवाज बोलण्याइतका ठेवला. फरक लगेच कळला: डावीकडे पावसाची सर, उजवीकडे तोच पाऊस बंद खिडकीआडून. मग रिसीव्हर बंद करून मागच्या वायरींची अदलाबदल केली, डाव्या चॅनेलवर उजवा स्पीकर आणि उजव्यावर डावा. (बंद करूनच. वायरीचा एक केस जरी शेजारच्या टर्मिनलला लागला तरी चालू रिसीव्हरचा आउटपुट जाऊ शकतो.) दोष स्पीकरबरोबर गेला. चॅनेल वीक असतं तर दोष जागेवरच राहिला असता आणि डावा स्पीकर बोथट वाजला असता. रिसीव्हर निर्दोष ठरला. दोन मिनिटांचं काम, आणि 62,000 च्या सल्ल्याआधी कुणीच ते केलं नव्हतं. पहिल्या भेटीत मीही नाही.

कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची नळी घेऊन एक टोक ट्विटरसमोर धरलं आणि दुसरं कानाला लावलं. डावीकडे स्वच्छ सळसळ. उजवीकडे काही नाही, फक्त खालून वूफरचा आवाज. नळी काकूंकडे दिली. त्यांनी ऐकलं आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिलं.

शेवटी स्क्रू काढून उजवा ट्विटर बाहेर घेतला, वायरींचे फोटो काढून ठेवले, एक वायर सोडवून थेट ट्विटरवर मोजलं. मीटर स्तब्ध. कॉइल तुटलेली. डावा ट्विटर त्याच पद्धतीनं 5.2 ओहम. क्रॉसओव्हरवरचा सिरॅमिक रोधक करपलेला नव्हता, कॅपॅसिटर फुगलेला नव्हता. तरी नुसत्या दिसण्यावर सोडलं नाही. मागच्या एका सराउंडमध्ये त्याच मालिकेचा तोच ट्विटर होता. तो काढून उजव्या स्पीकरला लावला. टाळांना नाद आला. म्हणजे क्रॉसओव्हरही ठीक, दोष फक्त ट्विटरचा.

माईकनं ट्विटर कसा मारला

माईकला स्पीकरचा आवाज ऐकू येतो, तो अँपकडे जातो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा माईकमध्ये. हे चक्र कुठल्यातरी एका स्वराला धरून फिरू लागतं, बरेचदा काही हजार हर्ट्झच्या वरच्या स्वराला, आणि अँप देऊ शकेल तेवढ्या मर्यादेपर्यंत जातं. संगीतात बहुतेक ताकद खालच्या आणि मधल्या स्वरांत असते, ट्विटरच्या वाट्याला थोडीशीच येते, तीही क्षणाक्षणानं. स्पीकरवर "100 वॅट" लिहिलेलं असतं ते संपूर्ण स्पीकरनं गाणं वाजवण्यासाठी. आतल्या ट्विटरची केसासारखी बारीक कॉइल सलग सोसते ती जेमतेम काही वॅट. त्या सहा सेकंदांत तिच्यावर सलग, न थांबता ताकद ओतली गेली. त्यात आवाज उणे 25 वरून उणे 10 वर. दर 10 डेसिबलला ताकद दहापट, म्हणजे 15 डेसिबलला तिसेक पट. वूफरला यातलं काही जाणवतही नाही, म्हणून वरवर स्पीकर "चालू" राहतो.

दोन्ही स्पीकरना तेवढीच ताकद मिळाली असताना उजवाच का गेला, याचं उत्तर त्या कॉइलमध्येच जळालं. पण त्यातून एक प्रश्न उरला जो पुढच्या निर्णयात मोठा ठरला: डाव्यानंही तेच सोसलंय, मग त्याच्यावर किती भरवसा?

घरघरीचं काय

सेंटरवर 60 ते 300 हर्ट्झचा सरकता स्वर हळू आवाजात सोडला. 140 च्या आसपास घरघर सुरू. सेंटर टीव्हीच्या युनिटमधून काढून सोफ्यावर, गादीवर ठेवला आणि तोच स्वर पुन्हा सोडला. गप्प. स्पीकर परत जागेवर ठेवून युनिटला एकेक हात लावत गेलो. शोकेसची सरकती काच दाबली की घरघर थांबे. औक्षणासाठी चांदीचं ताट आणि निरांजनं शोकेसमधून काढताना काच उचलून बाजूला घेतली होती, ती खाचेत नीट बसली नव्हती, आणि खाचेतली जुनी फेल्टची पट्टी निघून आली होती. त्याच दिवशी घडलं म्हणून माईकच्या माथी बसलं. दहा रुपयांची फेल्ट पट्टी, आणि "फाटलेला" सेंटर बरा.

समोर असलेले पर्याय

नवा संच घेण्याचा प्रश्न इथे संपला होता. उरलेले पर्याय मात्र सोपे नव्हते.

तापकीर गल्लीत त्याच मापाचा दुसरा ट्विटर सहज मिळाला असता, आणि पुतण्या लगेच निघायच्या तयारीत होता. मी थांबवलं. भोकाचं माप जुळणं वेगळं आणि आवाज जुळणं वेगळं. ट्विटरचा ओहम बदलला की क्रॉसओव्हरची वाटणी सरकते, संवेदनशीलता (तेवढ्याच ताकदीत किती मोठा वाजतो ते) वेगळी असली की एक बाजू चिरकी आणि दुसरी मंद होते. जिथे काकू टाळ ऐकतात तिथे हे चालणार नव्हतं. कॉइल नव्यानं बांधून देणारे कारागीर आहेत. मोठ्या, मंडपातल्या स्पीकरसाठी ते उत्तम काम करतात, पण एवढ्या लहान घुमटाच्या ट्विटरमध्ये कॉइल मधोमध बसवणं नाजूक असतं आणि जोडीतला दुसरा अस्सल राहिला तर फरक ऐकू येतो.

कंपनीकडे सुटा भाग मागवला तर मिळत होता, पण मॉडेल बंद झालेलं, येणारा ट्विटर सुधारित आवृत्तीचा. म्हणजे उजवीकडे नवी आवृत्ती आणि डावीकडे नऊ वर्षं जुना, तोही किंकाळी सोसलेला.

इथे काकांनी विचारलं, "मागच्यांचे काढून पुढे लावले तर?" तपासणीत मी तेच तात्पुरतं केलं होतं, पण कायमचा उपाय म्हणून डोक्यात आलं नव्हतं. मागच्या सराउंडचे दोन्ही ट्विटर त्याच बॅचचे, त्याच वयाचे, आणि त्या संध्याकाळी स्टिरिओ मोडमुळे मुके राहिलेले. ते दोन्ही पुढे आले की पुढची जोडी आपसात जुळलेली आणि सेंटरशीही मिळतीजुळती. नव्या आवृत्तीचे दोन मागे. मागून येतो तो पाऊस, गर्दी, वारा. तिथला बारीक फरक खपून जातो.

कृती आणि परिणाम

दोन ट्विटर मागवले, तीन आठवड्यांनी आले, दोन्हींचे मिळून 3,400 रुपये लागले. तोवर संच बंद ठेवला नाही, फक्त आवाजाला मर्यादा घातली. आल्यावर मागचे पुढे, नवे मागे. बसवताना प्रत्येकाची प्लस-मायनस फोटोशी ताडून पाहिली. क्रॉसओव्हरच्या टप्प्यावर उलट जोडलेला ट्विटर वूफरच्या आवाजाला खातो आणि "दुरुस्त केला तरी पोकळच वाटतो" ही नवी तक्रार सुरू होते. मग एकाच जागी फोन ठेवून स्पेक्ट्रम अॅपवर दोन्ही बाजूंचा पिंक नॉइज पाहिला. फोनचा माईक अचूक नसतो, पण तोच फोन, तीच जागा असली की तुलनेला पुरतो. दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या. ऑटो सेटअप चालवला तो यानंतर, सगळ्यात शेवटी.

रिसीव्हरच्या मेनूत कमाल आवाजाची मर्यादा उणे 18 वर बांधली. कराओकेसाठी पुतण्यानं वेगळा छोटा पॉवर्ड (आतच अँप असलेला) स्पीकर घेतला. माईक आता होम थिएटरला लागत नाही.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

मीटर पिशवीतून काढण्याआधी तीन प्रश्न: नेमका कुठला आवाज बिघडलाय, कुठून, आणि घटना घडली तेव्हा कुठला मोड, कुठले स्पीकर चालू होते. तिन्हींची उत्तरं या घरात पहिल्या दिवसापासून होती. मग वायरींची अदलाबदल, कारण तिला हत्यार लागत नाही आणि रिसीव्हर की स्पीकर हा सगळ्यात महागडा प्रश्न तीच सोडवते. मग नळी. मीटर त्यानंतर, आणि ट्विटरबद्दल बोलायचं असेल तर ट्विटरवरच, वायर सोडवून.

ऑटो सेटअप चालवण्याची पुतण्याची चूक समजण्यासारखी होती, पण तशीच दुसऱ्या घरी घडली तर मी पहिल्याच फोनवर सांगेन: काही झाल्याचा संशय आला की सेटिंगला हात लावू नका, आवाज कमी ठेवा. आणि तपासणी पूर्ण होण्याआधी "ठीक आहे" म्हणायला मी जी घाई केली, त्यामुळे काकूंना एक आठवडा स्वतःच्या कानांवर शंका घ्यावी लागली. मला सगळ्यात जास्त तेच लागलं, आणि तसं मी त्यांना सांगितलंही.

डावा जुना ट्विटर फेकलेला नाही. 5.2 ओहम, तारीख आणि "किंकाळी सोसलेला" असं लिहून तो एका डबीत ठेवलाय. उजवा जुना माझ्याकडे आहे. घुमट उघडला तेव्हा कॉइलचं वार्निश काळं पडलेलं होतं आणि तार एका जागी, टोकाजवळ तुटलेली होती.